पिवळ्या खुणेपाशी थांबा: जुन्या विंडोजवर लॅनचा ड्रायव्हर कसा टाकायचा

जुलैमध्ये रबाळे एमआयडीसीतल्या एका गाळ्यातून फोन आला. साचे बनवणारा छोटा कारखाना. दोन मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर आणि वीज खेळवलेल्या बारीक तारेनं धातू कापणारं एक वायरकट मशीन. वायरकटला जोडलेल्या संगणकाची हार्ड डिस्क पावसात लाइट येऊन-जाऊन गेली होती. कोणीतरी नवी डिस्क बसवून त्यावर पुन्हा विंडोज एक्सपी टाकून दिलं. मशीनचं सॉफ्टवेअर चाललं, लॅन, म्हणजे केबलनं जोडायचं नेटवर्क, मात्र आलं नाही. "एवढ्या जुन्या संगणकाला आता नेटवर्क मिळायचं नाही, नवा घ्या," असं सांगून तो माणूस निघून गेला.

नवा घेणं इथं सोपं नव्हतं. वायर चालवणारं कंट्रोल कार्ड जुन्या पीसीआय खाचेत बसतं आणि त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीसाठीच लिहिलेलं आहे. संगणक बदलायचा तर सगळं कंट्रोलच बदलावं लागणार, आणि त्याचा खर्च छोट्या कारखान्याला झेपणारा नसतो. तोवर मशीनवरचे काका माळ्यावरच्या डिझाइनच्या संगणकावरून ड्रॉइंग पेनड्राइव्हमध्ये घेत आणि दिवसभर लोखंडी जिना चढत-उतरत.

मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलनं गेले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये असे संगणक मी नेहमी बघते. मशीन उत्तम चालू असतं, त्याचा संगणक म्हातारा असतो आणि त्याला कोणी हात लावायला धजत नाही. खरं तर संगणकाला काय हवंय ते तो स्वतःच सांगत असतो. ते वाचायचं कसं, एवढंच शिकावं लागतं.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय, ते काकांना त्यांच्याच गाळ्यातलं उदाहरण देऊन सांगितलं. शेठ म्हणतात, "हा जॉब काढ." कोणत्या मशीनचं कोणतं हँडल किती फिरवायचं हे शेठना ठाऊक नसतं, ते त्या मशीनवरच्या ऑपरेटरला ठाऊक असतं. विंडोज हे शेठ आणि लॅनची चिप हे मशीन. विंडोज म्हणतं, "ही फाइल बाहेर पाठव." त्या विशिष्ट चिपला ते कसं करायला लावायचं, हे जाणणारा ऑपरेटर म्हणजे ड्रायव्हर. मशीन बदललं की ऑपरेटर बदलतो. शेठ बदलले, म्हणजे एक्सपीच्या जागी विंडोज ७ किंवा १० आलं, तरीही नवा ऑपरेटर लागतो, कारण प्रत्येक शेठची हुकूम देण्याची रीत वेगळी. त्यामुळे ड्रायव्हर शोधताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: चिप कोणती, विंडोज कोणतं, आणि ते ३२ बिट की ६४ बिट. तिन्हींतलं एक जरी चुकलं तरी तो ड्रायव्हर बसणार नाही.

आधी दुखणं ओळखा

ड्रायव्हर शोधायला धावण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडा. माय कंप्युटरवर उजवं क्लिक, मॅनेज, मग डिव्हाइस मॅनेजर. तिथं तीनपैकी एक चित्र दिसेल आणि तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. लोकांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथं न थांबल्यामुळे.

पहिलं चित्र: लॅनचा कुठंच उल्लेख नाही. नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्सच्या खाली काही नाही आणि पिवळी खूणही नाही. म्हणजे विंडोजला चिप दिसतच नाही. अशा वेळी जगातला कुठलाही ड्रायव्हर उपयोगाचा नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन ऑनबोर्ड (मदरबोर्डवरचीच) लॅन बंद केलेली नाही ना ते बघा. मदरबोर्डवरची सीएमओएसची छोटी बॅटरी संपली की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, तेव्हाही असा घोळ होऊ शकतो. तिथं सगळं ठीक असेल तर चिप जळाली असण्याची शक्यता मोठी, आणि वेगळं लॅन कार्ड घालावं लागेल.

दुसरं चित्र: "अदर डिव्हाइसेस"खाली पिवळ्या खुणेसह "इथरनेट कंट्रोलर" असं लिहिलेलं. ही खरं तर आनंदाची बातमी. चिप जिवंत आहे, विंडोजला दिसते आहे, फक्त ऑपरेटर नाही. प्रॉपर्टीज उघडल्यावर कोड २८ दिसला की समजा, ड्रायव्हर बसवलेलाच नाही.

तिसरं चित्र: नाव नीट दिसतंय, खूण नाही, तरी नेटवर्क नाही. इथं ड्रायव्हरला दोष देऊ नका. केबल, स्विच (केबल एकत्र जोडणारी पेटी) किंवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक) बघा.

रबाळ्याच्या संगणकात दुसरं चित्र होतं. "नवा घ्या" म्हणणाऱ्यानं ही खिडकी उघडली असती तर त्यालाही ते दिसलं असतं.

चिपचा आधार क्रमांक

"इथरनेट कंट्रोलर" या नावावरून काहीच कळत नाही. पण त्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स उघडलं की एक लांबलचक ओळ दिसते. एक्सपीमध्ये ती "डिव्हाइस इन्स्टन्स आयडी" नावानं असते, विंडोज ७ मध्ये यादीतून "हार्डवेअर आयडीज" निवडावं लागतं. पडद्यावर ती रोमन अक्षरांत असते. आमच्या संगणकावर तिची सुरुवात होती: पीसीआय, मग व्हीईएन_१०ईसी, मग डीईव्ही_८१६८.

व्हीईएन म्हणजे चिप बनवणारी कंपनी, डीईव्ही म्हणजे त्या कंपनीची कोणती चिप. दोन्ही क्रमांक चार अंकांचे, दहाऐवजी सोळा अंकचिन्हांच्या (हेक्साडेसिमल) मोजणीचे, म्हणून त्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. इंटेलचा क्रमांक तिच्या १९७८ मधल्या गाजलेल्या प्रोसेसरचा आहे, तो एकदा वाचला की विसरत नाही. मदरबोर्डवर काय छापलंय, बिलावर काय लिहिलंय, दुकानदार काय सांगतोय, या सगळ्यापेक्षा ही ओळ खरी. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

१०ईसी आणि ८१६८ म्हणजे रिअलटेकची गिगाबिट चिप. भारतात जमवलेल्या असंख्य संगणकांत ती सापडते. तिचा एक्सपीसाठीचा ड्रायव्हर अस्तित्वात आहे. मग आधीच्या माणसाचं अडलं कुठं? डेस्कटॉपवर त्यानं उतरवलेली फाइल तशीच पडली होती. रिअलटेकचाच ड्रायव्हर, त्याच चिपचा, पण विंडोज १० साठीचा. चिप जुळली होती, शेठ जुळले नव्हते.

रिअलटेकच्या या ड्रायव्हरांत ओळखीची एक सोपी खूण आहे. आवृत्तीचा पहिला आकडा ५ असेल तर तो एक्सपीच्या काळातला, ७ असेल तर विंडोज ७ चा, १० असेल तर विंडोज १० चा. मोठा आकडा म्हणजे चांगला ड्रायव्हर, असं इथं नाही. जुन्या संगणकाला "लेटेस्ट" शोधत बसलात की हमखास फसता.

ड्रायव्हर घ्यायचा तो आधी मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, तिथं नसेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून. "तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणाऱ्या प्रोग्रॅमपासून लांब राहा, ही माझी कळकळीची विनंती आहे. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो. गाळ्याच्या किल्ल्या आपण अनोळखी माणसाच्या हाती देत नाही, मग हे तरी का द्यावं?

फोल्डरच्या आत काय असतं

आता नेहमीचा पेच. नेटवर्क नाही म्हणून ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर तर इंटरनेटवर. विंडोज ७ असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट संगणकाला देणं) चालू करा, बहुतेक वेळा लगेच तात्पुरतं नेट मिळतं. एक्सपीवर त्यासाठीही आधी वेगळी फाइल लागते, म्हणून सरळ दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हनं न्या.

पेनड्राइव्हचाही एक फास आहे. आजकालचे मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि वेगळं अपडेट टाकल्याशिवाय एक्सपीला ते वाचता येत नाहीत. "फॉरमॅट करू का?" असं एक्सपी विचारतं आणि माणूस घाबरून पेनड्राइव्ह खराब झाला असं समजतो. ३२ जीबीपर्यंतचा पेनड्राइव्ह घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याहून मोठ्या पेनड्राइव्हला विंडोज १० च्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत फॅट३२ हा पर्यायच मिळत नाही.

सेटअपची फाइल एक्सपीवर दोनदा क्लिक केल्यावर कधी कधी "हे वैध विन३२ अ‍ॅप्लिकेशन नाही" असा संदेश येतो. याचा अर्थ आतला ड्रायव्हर चुकीचा असेलच असं नाही. वरचं खोकं नव्या पद्धतीचं असू शकतं. दुसऱ्या संगणकावर सेव्हन-झिप या प्रोग्रॅमनं ते उलगडा आणि आतलं फोल्डर तेवढं घेऊन या.

त्या फोल्डरमध्ये तीन प्रकारच्या फाइल महत्त्वाच्या. एसवायएस ही खुद्द ऑपरेटर. आयएनएफ हा कोणत्या मशीनवर कोण बसणार याचा कागद. सीएटी ही सहीशिक्क्याची फाइल. आयएनएफ ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात शोधा पर्यायातून आपला चार अंकी क्रमांक शोधा. सापडला नाही तर तो ड्रायव्हर आपला नाही, पुढं जाण्यात अर्थ नाही. सापडला तर तो कोणत्या मथळ्याखाली आहे ते बघा. एनटीएक्स८६ म्हणजे ३२ बिट, एनटीएएमडी६४ म्हणजे ६४ बिट, मग प्रोसेसर इंटेलचा असला तरी नाव हेच. मथळ्याच्या शेवटी ६.१ असेल तर ते विंडोज ७ पासून पुढच्यांसाठी, कारण आतल्या हिशोबात विंडोज ७ ची आवृत्ती ६.१ आहे आणि एक्सपीची ५.१. सगळेच मथळे ६.१ किंवा १०.० चे असतील तर एक्सपी त्या फोल्डरकडे बघून "इथं तुमच्या हार्डवेअरची माहिती नाही" असं म्हणणार. दोन मिनिटांचं हे वाचन अर्धा दिवस वाचवतं.

प्रत्यक्ष बसवणं त्यामानानं किरकोळ आहे. पिवळ्या खुणेवर उजवं क्लिक, अपडेट ड्रायव्हर. एक्सपी विंडोज अपडेटला विचारू का म्हणतं, त्याला नाही म्हणा. मग ठरावीक जागेवरून इन्स्टॉल करण्याचा पर्याय घ्या आणि पेनड्राइव्हवरचं फोल्डर दाखवा. विंडोज लोगो चाचणीबद्दल इशारा आला आणि फाइल खात्रीच्या जागेवरून आणलेली असेल, तर "कंटिन्यू एनीवे" दाबा. विंडोज ७ चं ६४ बिट रूप एवढं उदार नाही. सही पटली नाही तर ते कोड ५२ दाखवून ड्रायव्हर चालवायचं नाकारतं. बऱ्याचदा कारण असं की नव्या ड्रायव्हरची सही एसएचए-२ पद्धतीची असते आणि ती ओळखणारं केबी४४७४४१९ हे अपडेट त्या विंडोजवर नसतं. ते टाका, म्हणजे सही तपासणं बंद करण्याच्या उचापती कराव्या लागत नाहीत.

कोड १० आला तर ड्रायव्हर बसला पण चिप सुरू झाली नाही. रिअलटेक ८१६८ मध्ये हे होऊ शकतं, कारण एकाच क्रमांकाखाली चिपच्या अनेक पिढ्या आल्या. आयडीच्या ओळीत पुढं आरईव्ही असं लिहून पिढी दिलेली असते. फार जुना ड्रायव्हर नंतरच्या पिढीला ओळखत नाही. तेव्हा एक्सपीसाठीच निघालेल्यांतला शेवटचा घ्या.

आणि ऑनबोर्ड चिप जळालेलीच असेल तर? मी रिअलटेक ८१३९ चिपचं जुनं पीसीआय कार्ड शोधते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या सामानात असं कार्ड मिळू शकतं. या चिपचा ड्रायव्हर एक्सपीच्या आतच आहे, कार्ड खोचलं की बहुतेक वेळा पुढं काही करावं लागत नाही. वेग १०० एमबीपीएस, पण वायरकटच्या ड्रॉइंगची फाइल काही केबींची असते, तिला तो भरपूर झाला. कार्ड घेण्याआधी रिकामी पीसीआय खाच आहे का ते बघा. कंट्रोल कार्डानं एकुलती एक खाच अडवलेली असू शकते. वायफाय डोंगलच्या भानगडीत शक्यतो पडू नका. नव्या डोंगलना एक्सपीचा ड्रायव्हर सहसा नसतो, आणि सर्व्हिस पॅक ३ (एक्सपीचं शेवटचं मोठं अपडेट) किंवा त्यासाठीचं वेगळं अपडेट नसलेल्या एक्सपीला डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षा पद्धतीचा पासवर्ड मुळात कळत नाही.

पत्ता द्यायचा, दार नाही

पिवळी खूण गेली. काकांना वाटलं, झालं. पण खाली घड्याळाजवळ "लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी" आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. असा पत्ता दिसला की संगणकानं राउटरकडे पत्ता मागितला आणि उत्तर न मिळाल्यामुळे स्वतःच एक घेतला, असं समजायचं. आमच्याकडे कारण केबल होती. माळ्यावरून उतरताना ती वेल्डिंगच्या केबलला बांधून आणलेली आणि एका ठिकाणी उंदरांनी कुरतडलेली. नवी टाकली, वेगळ्या वाटेनं आणली. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. म्हणून एखादी तार तुटली की कधी जोडणी मंदावते, कधी येते-जाते, आणि दोष ड्रायव्हरवर जातो.

मशीनच्या संगणकाला मी कायमचा पत्ता देते. नेटवर्क कनेक्शन्स, लोकल एरिया कनेक्शनच्या प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर मशीनला १९२.१६८.१.५० सारखा, राउटर इतरांना वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. डीफॉल्ट गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा) हे रकाने मी मुद्दाम रिकामे ठेवते. गेटवे म्हणजे गाळ्याच्या बाहेर जाण्याचं दार. तो रकाना भरला नाही की संगणक घरातल्या घरात बोलतो, इंटरनेटवर जात नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहून राउटरचा पत्ता द्या, उत्तर आलं की जोडणी ठीक. तपासणी राउटरवरच करा, कारण विंडोज १० चा संगणक जोडणी चांगली असतानाही बरेचदा पिंगला उत्तर देत नाही.

अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची खूण काढून टाका. स्पीड आणि डुप्लेक्स "ऑटो"वरच राहू द्या. एका टोकाला हातानं "फुल डुप्लेक्स" (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) लावलं आणि दुसरं टोक ऑटोवर राहिलं की दोघांचा मेळ बसत नाही, आणि जोडणी दिसते पण फाइल रांगत जाते.

"नेट पण चालू करून द्या ना ताई, अधूनमधून बघायला बरं," काका म्हणाले. मी नाही म्हटलं, आणि का ते बसून सांगितलं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. त्यानंतर सापडलेली भोकं बहुतेक उघडीच राहिली आहेत. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला तेव्हा आपल्याच न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं कामकाज कोलमडलं होतं. तो ज्या वाटांनी पसरत होता त्यांतली एक विंडोजच्या एसएमबी१ या जुन्या फाइल-शेअरिंगमधली होती. त्याच वाटेनं त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा तसाच प्रोग्रॅम आला होता, आणि सपोर्ट संपून तीन वर्षं झाल्यावरही मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी खास पॅच काढावा लागला होता. तसंही एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोररला टीएलएस या साइटशी सुरक्षित बोलण्याच्या पद्धतीच्या नव्या आवृत्त्या येत नाहीत, त्यामुळे त्यात आजच्या बऱ्याचशा साइट उघडतच नाहीत.

मग माळ्यावरची ड्रॉइंग खाली कशी आणायची? एक्सपीला फाइल-शेअरिंगची एसएमबी१ एवढीच पद्धत येते, आणि २०१७ च्या शेवटानंतरच्या विंडोज १० मध्ये ती मुळात बसवलेली नसते. म्हणून दोन्ही संगणक एकमेकांना दिसत नाहीत आणि पुन्हा लोक ड्रायव्हर बदलायला घेतात. एसएमबी१ परत चालू करा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही, कारण एका म्हाताऱ्या संगणकासाठी आपण डिझाइनच्या चांगल्या संगणकाची कडी काढतो. आम्ही डिझाइनच्या संगणकावर एफटीपी ही फाइल देण्या-घेण्याची जुनी पद्धत सुरू केली, फक्त ड्रॉइंगच्या एका फोल्डरपुरती आणि फक्त १९२.१६८.१.५० साठी. एक्सपीच्या एक्सप्लोररमध्ये एफटीपीचा पत्ता टाकला की ते फोल्डर साध्या फोल्डरसारखं उघडतं. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून तो दुसरीकडे कुठंही वापरलेला नसावा.

निघण्याआधी नव्या डिस्कची क्लोनझिला या प्रोग्रॅमनं पूर्ण प्रत काढली. ड्रायव्हरचं फोल्डर एका सीडीवर उतरवलं आणि सीपीयूच्या झाकणाला आतून पाकिटात चिकटवलं. पाकिटावर मार्करनं लिहिलं: लॅन रिअलटेक, १०ईसी, ८१६८, एक्सपी ३२ बिट, पत्ता १९२.१६८.१.५०, गेटवे रिकामा. काकांनी चष्मा लावून ते वाचलं, माझ्या हातातून मार्कर घेतला आणि त्याखाली त्या दिवशीची तारीख घातली.